ओस्वाल्दोमामांचा सत्कार

माणूस घरात आला की त्याला आधी खुर्ची द्यावी की आधी शाल, हा प्रश्न देवदत्त मिरीकरांना कधी पडलाच नाही. शाल. खुर्ची काय, माणूस स्वतःच ओढून घेतो.

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या त्या घरात गराजमध्ये गाडीला जागा नव्हती, पण सत्काराच्या ट्रंकेला होती. बर्फ ढकलायचं यंत्र आणि लेकीची, हिमानीची, लहानपणची सायकल यांच्या मधोमध ती काळी पत्र्याची ट्रंक एखाद्या वडीलधाऱ्यासारखी बसलेली असे. तिच्यात शाली, फेट्यांची कापडं, अत्तरदाणी, चांदीसारखं दिसणारं ताट आणि नारळ. मराठी मंडळाचं अध्यक्षपद जाऊन किती तरी वर्षं झाली, तरी ट्रंक देवदत्तांकडेच राहिली. नवी कमिटी ती परत मागायला आली, तेव्हा देवदत्तांनी नव्या कमिटीचा सत्कार केला आणि विषय संपला. बेसमेंटात पाणी शिरलं तेव्हा आलेला प्लंबर या घरातून शाल पांघरून गेला होता. टाउनशिपचा बर्फ काढणारा ड्रायव्हर एक अख्खा हिवाळा अबोली फेटा घालून रस्ते साफ करत होता, आणि त्या वर्षी मिरीकरांच्या गल्लीतला बर्फ म्हणे जमिनीला टेकायच्या आधीच उचलला जायचा.

अशा घरात होणाऱ्या जावयाचा मामा थेट पेरूहून येतो म्हटल्यावर काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

शुक्रवारी संध्याकाळी ओस्वाल्दोमामांनी उंबऱ्यात पाऊल टाकलं ते टिळा लावून घेतच. कोट काढायच्या आत अंगावर जरीची शाल आली, चहाचा कप हातात यायच्या आत नारळ आला, आणि किरमिजी फेटा तर देवदत्तांनी असा बांधला की मामांची बुटकी मूर्ती दाराच्या चौकटीला लागते की काय असं वाटावं. मग फोटो. फोटो नसलेला सत्कार म्हणजे पाणी न सोडलेलं दान, असं देवदत्त मानत. फोटो सगळ्यांना गेला. जावई रेनातोनं तो कौतुकानं आपल्या गावाकडच्या आतेबहिणीला पाठवला, आणि आतेबहिणीनं तो जगाला.

शनिवारी साखरपुडा. सकाळी स्वयंपाकघरात त्यांची बायको सुनेत्रा श्रीखंडात वेलदोडा घालत होती आणि देवदत्त तिला वेलदोडा किती घालावा हे सांगत होते, तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ संजय फोन हातात धरून आत आला. संजय मिशिगनमधल्या नोव्हायचा, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. गेल्या गणपतीत आरतीच्या चालीवरून त्याचं आणि देवदत्तांचं वाजलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत, पण सुनेत्रामार्फत.

"सुनेत्रा, दाजींना सांग, टीव्हीवर आलेत."

"कुठल्या टीव्हीवर, ते विचार त्याला," देवदत्त म्हणाले.

"मी इथेच आहे," सुनेत्रा म्हणाली. "पण माझ्या डोक्यावरून बोला तुम्ही, मला वेलदोडा मोजू द्या."

संजयनं फोन श्रीखंडाच्या पातेल्याला टेकवून उभा केला. ढोलताशासारखं काहीतरी वाजत होतं. लाल पट्टी पळत होती. मधोमध ओस्वाल्दोमामांचा फोटो, शाल, फेटा, टिळा, आणि हातातल्या नारळाभोवती लाल वर्तुळ. वर्तुळाकडे बाण. बाणाशेजारी सूट घातलेले तीन गंभीर पुरुष.

"गोल केलंय म्हणजे मॅटर सिरियस आहे," संजय म्हणाला. त्याला चॅनेलांचा अभ्यास होता. घरी जेवताना, गाडी चालवताना आणि एकदा तर रूट कॅनल करून घेतानाही त्यानं मराठी बातम्या बंद केल्या नव्हत्या. "हिमानीला बोलवा. मला स्पॅनिश कळत नाही, पण अँकरचा टोन कळतो. टोन आपल्याकडचाच आहे."

हिमानी केसांना गुंडाळलेल्या टॉवेलसकट आली. न्यू जर्सीतल्याच पातेर्सन गावात पेरूची वस्ती मोठी, आणि तिथल्या दवाखान्यात दिवसभर पेरूवासीयांचे दात बघून तिचं स्पॅनिश मराठीपेक्षा सरस झालं होतं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत की नगराध्यक्षपदाचे उमेदवार ओस्वाल्दो यांचा न्यू जर्सीत एका भारतीय राजघराण्यानं गुपचूप राज्याभिषेक केला. त्यांनी धर्म बदलला. आणि बदल्यात गावच्या नदीचं पाणी एका भारतीय कंपनीला द्यायचं कबूल केलंय. कराराचे कागद नारळात आहेत."

"नारळात कागद जातील कसे?"

"बाबा, तो डावीकडचा एक्स्पर्ट तेच एक्सप्लेन करतोय. दॅट्स हिज होल सेगमेंट."

देवदत्त पडद्याकडे वाकले. फोटोत मामांच्या खांद्याला खांदा लावून ते स्वतः उभे होते आणि त्यांच्या पोटावर पिवळ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं.

"आणि हे माझ्याखाली काय लिहिलंय?"

"गूढ महाराजा."

"अक्षर चांगलं आहे," देवदत्त म्हणाले.

"अहो, खूश काय होताय," सुनेत्रा म्हणाली. "काल मी म्हणत होते, नुसतं औक्षण करा. फेटा नको, शाल नको. आता ग्लोरिया काय म्हणेल?"

ग्लोरिया काय म्हणेल हे कळायला फार वेळ लागला नाही. अकराच्या सुमारास पातेर्सनची मंडळी आली: पुढे ग्लोरिया, तिच्या मागे रेनातो, आणि सगळ्यात मागे ओस्वाल्दोमामा, कालचा तो नारळ छातीशी धरून. ग्लोरिया हिमानीच्याच दवाखान्यात दात साफ करायचं काम करी. हिमानीला तिनं स्वतः हेरलं होतं. मुलाचे दुधाचे दात मी घासले, तर सूनही मीच बघणार, असं सांगून तिनं रेनातोला खोट्या दाढदुखीवर खुर्चीत आणून बसवलं होतं. जिनं हे सगळं जुळवलं, ती आज घरात येऊन चपला न काढता उभी राहिली.

तिच्या खांद्याला मोठी पिशवी होती. त्या पिशवीत साखरेचा पुडा होता. मुलाकडच्यांनी पुडा आणायचा असतो हे तिला माहीत नव्हतं, म्हणून सुनेत्रानंच सोनेरी कागदाचा, गोटा लावलेला पुडा करून मागच्या आठवड्यात तिच्याकडे पोचवला होता. आज तो तिच्या हातून हिमानीच्या ओटीत पडला की साखरपुडा झाला. न पडला तर नाही.

"आज नाही," ग्लोरिया इंग्रजीत म्हणाली. "सॉरी, देव. आज काहीच नाही. एक फोटोसुद्धा नाही."

"बसा तर आधी," देवदत्त म्हणाले.

"पुढच्या रविवारी तिकडे मतदान आहे. प्रचार टाकून तो दोन दिवसांसाठी आला. ते होऊ दे. मग बघू."

"मग बघू म्हणजे?" सुनेत्रानं विचारलं.

ग्लोरियानं पिशवी खांद्यावरून काढून मांडीवर घेतली आणि सोफ्याच्या टोकाला बसली, दोन्ही हात पिशवीवर. तेच उत्तर होतं. भाऊ हरला, आणि या घरामुळे हरला, तर त्या घरची मुलगी ती कुठल्या तोंडानं घरात नेणार? हिमानी एरवी कुणालाही दोन वाक्यांत गप्प करणारी. ती आज साडीच्या पदराशी खेळत भिंतीला टेकून उभी राहिली. देवदत्तांना बाकी कशानं काही झालं नव्हतं, पण हे बघून ते पाहुण्यांना चहा विचारायचंच विसरले.

"माझा भाऊ तिकडे कोण आहे, ते तुम्हाला कळलेलं नाही," ग्लोरिया म्हणाली, आणि मग तिनं सांगितलं, आणि रेनातोनं त्यात भर घातली.

सांता ओफेलिया हे डोंगरातलं गाव. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर फोनची रेंज कधी येते, कधी नाही. पण रेडिओ सगळीकडे पोचतो. पहाटे ओस्वाल्दोमामा रेडिओवर लोकांचे निरोप वाचतात. अमकीच्या भावा, मी मंगळवारी येतोय, ट्रक थांबतो तिथे घोडा घेऊन ये. तमक्याच्या आई, मुलगी झाली, दोघी सुखरूप. कुणाचं खेचर पुलापाशी सापडलंय, घेऊन जा. मामांचे केस काळे होते तेव्हापासून हे चाललंय. डोंगरात असं म्हणतात की हरवलेलं खेचरसुद्धा त्यांच्या आवाजात आपलं नाव ऐकलं की जागच्या जागी थांबतं.

"आवाज सगळ्यांना माहीत आहे," ग्लोरिया म्हणाली. "चेहरा कुणालाच नाही. रेडिओला चेहरा कुठे असतो? आज पहिल्यांदा लोकांनी चेहरा बघितला. आणि काय बघितलं?"

सगळ्यांच्या नजरा आपोआप ओस्वाल्दोमामांच्या डोक्याकडे गेल्या. आता तिथे फेटा नव्हता, तरी सगळ्यांना तो दिसला.

"चॅनेल कुणाचं आहे?" संजयनं विचारलं.

"आत्ताच्या नगराध्यक्षाच्या मेव्हण्याचं," मामा खर्जात म्हणाले. त्यांचं इंग्रजी मोजकं होतं, पण त्या आवाजात ते आकाशवाणीसारखं वाटे. "नगरपालिकेच्या सगळ्या जाहिराती त्याला. नगराध्यक्ष शिंकला तर बातमी. नळाला पाणी आलं नाही, तर ते हवामान."

संजयनं खुर्ची पुढे ओढली. "हे तर आपल्याकडचंच झालं. मग डिबेटला तेच चौघं बसतात का रोज?"

"तिघं. चौथा माझा मित्र होता. त्याला बोलवणं बंद केलं."

"अगदी आपल्याकडचंच," संजय समाधानानं म्हणाला. परक्या माणसाशी त्याचं इतक्या लवकर जमल्याचं घरात कुणी पाहिलं नव्हतं. "सुनेत्रा, दाजींना सांग, आता एकच रस्ता आहे. व्हिडिओ करून माफी मागायची. मी महाराजा नाही, हा राज्याभिषेक नाही, नारळात कागद नाहीत. क्लिअर खुलासा."

"माफी कसली?" देवदत्त म्हणाले. "पाहुण्याला शाल दिली म्हणून?"

"सुनेत्रा, दाजींना सांग, चुकलं की कबूल करावं."

"संजयचं बरोबर आहे," सुनेत्रा म्हणाली. "करा ना व्हिडिओ. एवढ्या थराला गेलंय."

रेनातोही मान हलवत होता, ग्लोरियाही. देवदत्त एका बाजूला आणि दोन खंड दुसऱ्या बाजूला, असं चित्र झालं. तेवढ्यात मदत आली ती ज्याचं नुकसान झालं होतं त्याच्याकडून.

"खुलासा नको," ओस्वाल्दोमामा म्हणाले. "मी राजा नाही असं म्हटलं की लोकांच्या कानात 'राजा' तेवढा शिल्लक राहतो. इतक्या वर्षांत मी रेडिओवर एकदाच खुलासा वाचला. एका बाईचा नवरा वारल्याचा निरोप चुकून गेला होता. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, तो वारलेला नाही. त्यानंतरही आठवडाभर लोक तिच्याकडे सांत्वनाला येत होते, आणि त्यांना सूप वाढायला नवराच होता. लोक त्याच्या हातचं सूप प्यायचे आणि म्हणायचे, किती भला माणूस होता."

कुणीच हसलं नाही म्हणून देवदत्त एकटे हसले. त्यांना हा माणूस पहिल्यापासून आवडला होता. आता तर त्याचा दुसऱ्यांदा सत्कार करावा असं त्यांना वाटू लागलं.

बाहेर गाडीचं दार वाजलं. रेनातोनं खिडकीच्या पट्ट्यांमधून पाहिलं आणि तो मागे सरकला.

"टीव्हीवाले," तो म्हणाला. "ती येसेनिया आहे, पातेर्सनची. परेड, पूर, दुकानांची उद्घाटनं, सगळं तीच कव्हर करते. आज तिला त्या चॅनेलनं पाठवलं असणार. तिकडे सकाळच्या बातम्या लागतील आत्ता. लाइव्ह करणार."

"पट्ट्या बंद करा," ग्लोरिया म्हणाली. "दिवे घालवा. कुणी बाहेर जायचं नाही."

सुनेत्रानं झटपट पट्ट्या पाडल्या. दिवाणखान्यात अंधार झाला, आणि त्या अंधारात श्रीखंडाचा वास जास्तच येऊ लागला. साखरपुड्याच्या दिवशी, नटूनथटून, सगळं घर चोरासारखं श्वास रोखून बसलं. बाहेरून त्या मुलीचा आवाज ऐकू येत होता, चढलेला, घाईचा. हिमानी खिडकीशी जाऊन कुजबुजत सांगू लागली.

"म्हणतेय, मी राजवाड्यासमोर उभी आहे."

"राजवाडा? चार बेडरूम आहेत," संजय म्हणाला.

"म्हणतेय, राजवाड्याच्या दारावर सोन्याची साखळी आहे."

सुनेत्रानं दाराकडे पाहिलं. दारावरचं झेंडूचं तोरण तिनं काल रात्री जेवणानंतर बसून स्वतः ओवलं होतं. दुकानात फुलं मिळाली नाहीत म्हणून मागच्या अंगणातली सगळी झाडं रिकामी करून.

"आणि म्हणतेय," हिमानी म्हणाली, "राजवाड्यातल्यांनी कॅमेरा बघून पडदे ओढले. त्यांना तोंड लपवायचंय."

सुनेत्रानं पट्ट्यांचा दोर खेचला, आणि पट्ट्या खाडकन वर गेल्या.

"तोंड लपवायचंय?" ती म्हणाली. "माझ्या घरात? माझ्या मुलीच्या साखरपुड्याला? अहो, ट्रंक उघडा."

देवदत्तांना आयुष्यात यापेक्षा गोड वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं, आणि सुनेत्राकडून तर नाहीच. ते उठले, कुर्ता खाली ओढला आणि गराजकडे गेले ते एखादा सेनापती शस्त्रागाराकडे जातो तसे. ग्लोरिया "नो, नो" म्हणत राहिली. पण ती सोफ्यावरून उठली नाही, आणि पिशवीवरचे हातही तिनं काढले नाहीत.

गराजचं मोठं दार घरघरत वर गेलं. येसेनिया कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलत होती. मागून गूढ महाराजा ताट घेऊन येताना दिसले ते आधी कॅमेरामनला, मग सांता ओफेलियाला, आणि सगळ्यात शेवटी तिला.

"नमस्कार," देवदत्त म्हणाले. "पत्रकार आमच्या दारी आला आणि तसाच परत गेला, असं कधी झालेलं नाही."

हिमानीनं भाषांतर करेपर्यंत शाल येसेनियाच्या खांद्यावर पडलेली होती. तिनं माइक पुढे केला. त्या हातात देवदत्तांनी नारळ ठेवला आणि माइक हिमानीकडे दिला.

"तुम्ही उमेदवार ओस्वाल्दो यांना राजा केलंत, हे खरं आहे का?" येसेनियानं नारळच माइकसारखा तोंडाशी धरून विचारलं.

"बसा," देवदत्त म्हणाले. "बसून बोलू." त्यांनी गराजमधली घडीची खुर्ची उघडली. "केस असे मागे घ्या. मान सरळ. आता हलायचं नाही. हललात तर सगळं सुटतं, परत पहिल्यापासून."

फेटा बांधून घेणाऱ्याची एक गंमत असते. त्याला मान हलवता येत नाही. होकारार्थीही नाही आणि नकारार्थी तर नाहीच. येसेनियाच्या कानातल्या यंत्रातून स्टुडिओ काहीतरी ओरडत होता, ते अंगणात उभ्या असलेल्यांनाही ऐकू येत होतं. पण ती जागची हलू शकत नव्हती. फेट्याचं कापड लांबलचक. दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. देवदत्तांनी आजूबाजूला बघितलं आणि ते टोक कॅमेरामनच्या हातात दिलं. तो भला माणूस. त्यानं कॅमेरा तिकाटण्यावर तसाच चालू ठेवला आणि दोन्ही हातांनी टोक धरून उभा राहिला.

"घट्ट धर," देवदत्त त्याला मराठीत म्हणाले. त्याला कळलं.

आणि तेव्हा ओस्वाल्दोमामा गराजमधून बाहेर आले. ते कॅमेऱ्यासमोर आले नाहीत. बाजूला उभे राहिले, हिमानीच्या हातातला माइक घेतला आणि पहाटे बोलतात त्या आवाजात बोलू लागले. रस्त्यापलीकडे गवत कापणाऱ्या शेजारच्या राजीवनी यंत्र बंद केलं, इतका तो आवाज भारदस्त होता. हिमानी वडिलांच्या कानाशी मराठीत सांगत राहिली.

"सांता ओफेलिया, शुभ सकाळ. आज एकच निरोप आहे. पातेर्सनच्या येसेनियाच्या आईला कळवण्यात येतं की तुमची मुलगी आत्ता राणी होते आहे. तब्येत ठीक आहे. तिला न्यायला घोडा पाठवू नये, तिच्याकडे व्हॅन आहे."

येसेनियाचे खांदे हलू लागले. "हलू नका," देवदत्त म्हणाले, आणि तिनं ओठ चावून हसू दाबलं, तेही लाइव्ह.

"कॅमेरामनच्या बायकोला कळवण्यात येतं," मामा पुढे म्हणाले, "की तुमचा नवरा त्याच राणीचं कापड धरून उभा आहे. त्याचा नंबर पुढचा आहे."

त्याचा नंबर लागलाच. मग टोक धरायला माणूस उरला नाही. देवदत्तांनी मागे वळून पाहिलं तेव्हा संजय गराजच्या उंबऱ्यावर उभा होता, फोन खिशात घालून. तो फोन खिशात आहे, हे दृश्य सुनेत्रानं बरीच वर्षं पाहिलं नव्हतं.

"दाजी," संजय म्हणाला, "मी धरू का?"

"धर," देवदत्त म्हणाले. "आणि आरतीची चाल तुझीच बरोबर होती असं नाही."

"नाहीच," संजय म्हणाला. "पण धरतो."

कॅमेरामननंतर राजीव शेजारी आले. त्यांना निळा फेटा मिळाला, त्यांच्या कुत्र्याला नुसता टिळा. तेवढ्यात पोस्टाची गाडी आली. पोस्टमन मोहन मूळचे गयानाचे. या घरात पत्र टाकायचं तर डोकं विंचरून यावं लागतं, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं, आणि ते विंचरूनच आले होते. अंगण फेट्यांनी फुलून गेलं. येसेनिया केशरी फेट्यात ताठ मानेनं उभी राहिली. आता मान हलवायला हरकत नव्हती, पण तिला तशीच उभं राहावंसं वाटत होतं.

"तुम्ही एकूण किती राजे करणार आहात?" तिनं विचारलं.

"नारळ संपेपर्यंत," देवदत्त म्हणाले.

"आणि त्या नारळातले कागद?"

ओस्वाल्दोमामांनी कालचा नारळ पुढे केला, लाल वर्तुळातला तो. सत्काराचा नारळ खरं तर घरी नेऊन फोडायचा असतो. पण मामांचं घर फार लांब होतं, आणि तिकडचं सगळं गाव आत्ता टीव्हीवर बघतच होतं. देवदत्तांनी नारळ पायरीवर आपटला. पाणी उडालं ते येसेनियाच्या बुटांवर. दोन्ही भकलं त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरली, आतून पांढरी शुभ्र.

"एक्स्पर्टना म्हणावं, या," ते म्हणाले. "खोबरं देतो."

हिमानीनं ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. यावेळी तिचा आवाज वडिलांच्याही वर चढला. येसेनियानं एक तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि कानातल्या यंत्राला हात लावून म्हणाली, "त्यांनी जाहिरात लावली."

"कसली?" संजयनं विचारलं.

"साबणाची."

"साबण लागला म्हणजे त्यांच्याकडे बोलायला काही उरलं नाही," ओस्वाल्दोमामा म्हणाले. त्यांनी माइक परत केला आणि नाक पुसलं.

पण ग्लोरिया अजून आतच होती. देवदत्त आत आले तेव्हा ती सोफ्याच्या त्याच टोकाला, पिशवी मांडीवर, दारातून सगळं पाहत बसलेली. हिमानी दोन पावलांवर उभी. अंगणातली मजा उंबऱ्यापाशी येऊन थांबली.

मामांचा फोन वाजला. रेडिओवर त्यांच्या जागी बसणारी बाई होती. निरोप आलेत, भराभर येतायत, वाचू का, असं ती विचारत होती. मामांनी फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला. हिमानी हळूहळू सांगत गेली.

पहिला निरोप वरच्या वस्तीवरच्या हासिन्ता नावाच्या म्हातारीचा. तिनं विचारलं होतं, ते डोक्याचं कापड किती लांब असतं, आणि थंडीत कान झाकले जातात का.

दुसरा एका ट्रक ड्रायव्हरचा. ओस्वाल्दो, तू इतका बुटका असशील असं आवाजावरून वाटलं नव्हतं.

तिसरा नाव न सांगणाऱ्याचा. नदीचं पाणी भारतात नेणार असाल तर ते आधी आमच्या नळाला आणून दाखवा. नळातून दिसलं की मग न्या.

ग्लोरिया हसली. सुरुवातीला नाकातून, मग खांद्यातून, मग सगळ्या अंगानं. हसता हसता तिनं डोळे पुसले, पिशवी बाजूला ठेवली आणि उठून देवदत्तांच्या समोर उभी राहिली.

"माझ्या भावाला," ती म्हणाली. "टीव्हीच्या पोरीला. पोस्टमनला. कुत्र्याला टिळा. आणि मुलाच्या आईला काय?"

देवदत्तांनी गराजमध्ये जाऊन ट्रंकेत हात घातला. शेवटचं कापड होतं, जांभळं, जरीच्या काठाचं. त्यांनी ते कधी कुणाला बांधलं नव्हतं. मोठ्या माणसासाठी ठेवलं होतं, आणि मोठा माणूस काही येत नव्हता.

"बसा," ते परत येऊन म्हणाले. "मान सरळ."

संजयनं टोक धरलं. सुनेत्रानं तिचे केस मागे घेतले. पहिला वेढा बसला, दुसरा बसला, आणि ग्लोरियाला मान हलवता येईना. मग तिनं समोर बघतच, राणीनं हुकूम द्यावा तसं, रेनातोला पिशवीतून पुडा काढायला सांगितला. हिमानीला समोर बोलावलं. मान न वाकवता, अंदाजानं, तिनं तो सोनेरी पुडा हिमानीच्या ओटीत ठेवला. थोडा तिरका पडला. हिमानीनं दोन्ही हातांनी सावरला.

राजीवनी बाहेरून फोन उंचावला, आणि मग काहीतरी आठवून खाली घेतला. आज फोटो नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"काढ," ग्लोरिया म्हणाली, ताठ मानेनं, तुरा डोळ्यांवर येत असताना. "काढ, आणि पाठव. सगळ्यांना पाठव."